साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून

२३ सप्टेंबर २०२५, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, राग आला की ओरडू नका, लिहून काढा. मी म्हणालो, मग एक डायरी पुरायची नाही. सून अनुजानं तिच्या ऑफिसात कुणीतरी भेट दिलेली ही डायरी आणून ठेवली. सप्टेंबरपर्यंतची पानं कोरी आहेत. राहू देत, तेवढ्या दिवसांचा राग ओरडून झालाय.

आज खरं तर रागवायचं कारण नाही. अनुजाची निवड झाली. केंद्र सरकार देशातून निवडक अधिकाऱ्यांना सहा आठवडे नेदरलँडला पाठवतंय, नव्या वर्षात. विमान, राहणं, शिकवणी, सगळा खर्च सरकारचा. विषय काय, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण. मी विचारलं, म्हणजे कॉम्प्युटर शिकायचा का? ती म्हणाली, "कॉम्प्युटर न्हाई आबा. कॉम्प्युटर चुकला तर माणसांनी कुणाला धरायचं, त्याचे नियम करायला शिकायचं."

हे मला लगेच कळलं, कारण ऑगस्टचं प्रकरण आमच्या घरात अजून संपलेलं नाही. अनुजा पुराचं काम बघणाऱ्या ऑफिसात आहे. तिथं नवं यंत्र आलंय, कुठल्या वस्तीत पाणी येणार ते रंगानं दाखवतं. शिरोळकडच्या एका वस्तीला त्यानं हिरवा रंग दिला, म्हणजे धोका नाही. हिनं तिथल्या लोकांना फोन लावला, तर नदी चढल्यानं ओढा मागं फुगत चाललाय म्हणाले. हिनं गाड्या पाठवल्या आणि वस्ती रिकामी केली. दुसऱ्या दिवशी तिथं छपराला पाणी लागलं. शाबासकी राहिली बाजूला, वरून विचारणा आली की सिस्टीम हिरवं दाखवत असताना गाड्या कुणाच्या अधिकारात पाठवल्या. अजून उत्तरं देतेय बिचारी. पुढच्या पावसाळ्याच्या आत याचे नियम झाले पाहिजेत म्हणते, आणि ते करायला कुणीतरी शिकून आलं पाहिजे.

तिच्याच ऑफिसातला ऋषभ नावाचा शिरोळचा पोरगा प्रतीक्षा यादीत पहिला आहे. प्रतीक्षा करत बस म्हणावं.

२७ सप्टेंबर, शनिवार

तालमीच्या कट्ट्यावर एक शहाणा मला ऐकवतो, रस्त्यात खड्डे आणि सरकार लोकांना परदेशात हिंडवतंय. मी त्याची गचांडीच धरणार होतो. माझी सून हिंडायला चालली आहे का? तुझ्या मेव्हण्याची म्हैस त्या वस्तीतूनच बाहेर काढली होती, विचार त्याला.

घरी येऊन सांगितलं तर अनुजा म्हणाली, त्यांनी विचारलं ते बरोबर आहे, पैसा लोकांचा आहे, परत आल्यावर काय शिकले ते सगळ्यांना सांगितलं पाहिजे. इतकं मऊ राहून या गावात कसं चालायचं?

संध्याकाळी सम्राट आला. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि तो साहेबांचा माणूस आहे. साहेब म्हणजे आमच्या पेठेचे सर्वकाही, तालमीचा हॉल त्यांनीच उभा केला. सम्राट म्हणाला, आबा, सूनबाईंचा मोठा बोर्ड लावू चौकात, दसऱ्याला. मी लगेच हो म्हणालो. अनुजाला सांगितलं नाही. तिला आधी सांगितलं की ती नको म्हणते, हा आजवरचा अनुभव आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

बोर्ड झकास झालाय. चौकातल्या जुन्या विजेच्या खांबाला बांधलाय. त्याच खांबावर मी वायरमनच्या नोकरीत कितीतरी वर्षं चढलो-उतरलो, तेव्हा घरातल्या माणसाचा फोटो तिथं बघून छाती फुगली. वर साहेब, मोठे. खाली अनुजा, लग्नातल्या फोटोतून घेतलेली. मजकूर असा: आमच्या पेठेची सूनबाई सौ. अनुजा राजवीर इंगवले यांची शासनाच्या खर्चाने परदेशी प्रशिक्षणासाठी निवड, साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून. शुभेच्छुक म्हणून माझं नाव, बाळासो इंगवले, आणि समस्त तालीम.

सोनं वाटून झाल्यावर तालमीत सत्कार झाला. साहेब स्वतः आले. मला फेटा बांधला. भाषणात म्हणाले, आपल्या पेठेतली लेकरं पुढं गेली पाहिजेत म्हणून मी दिल्लीत शब्द टाकला. टाळ्या पडल्या, सगळ्यात मोठी माझी. अनुजाची शाल गडबडीत द्यायची राहून गेली. ती कडेच्या खुर्चीवर बसून होती. तिला गर्दी मानवत नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आबा, यात साहेबांनी काय केलं?"

मी म्हणालो, "काय न्हाय केलं. तसं लिवायची पद्धत हाय की."

खरंच आहे. गटारीवर झाकण बसलं तरी आमच्याकडं साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून बसतं. कुणी ते वाचतसुद्धा नाही. पण हिचं सुरूच, की निवड गुणांवर झाली आहे, कुणाचाही वशिला दिसला तर रद्द, असं सगळ्यांकडून लिहून घेतलंय. बोर्ड काढा म्हणाली, आज रात्रीच. दसऱ्याच्या दिवशी लावलेला बोर्ड त्याच दिवशी काढायचा? साहेबांना काय वाटेल? वशिला वेगळा आणि कौतुक वेगळं, एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये याचा मला संताप आला. फेटा डोक्यावर ठेवूनच जेवलो.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिल्लीवाल्यांचं डोकं फिरलंय. अनुजाची निवड थांबवून ठेवली आहे. चौकशी चालू आहे, एवढंच सांगतात. कसली चौकशी? माणसं वाचवल्याची?

हे त्या ऋषभचं काम. हिचं नाव उडालं की त्याचा नंबर लागतो, यात न कळण्यासारखं काय आहे? मी हे मोठ्यानं बोललो तेव्हा माझा मुलगा राजवीर काहीतरी सांगणार होता, पण अनुजानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. नवरा-बायको माझ्यापासून काय चोरून ठेवतात कुणास ठाऊक. उद्या शिरोळला जाणार. सांगून जाणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेलो. मोटरसायकलवर, वाटभर काय काय बोलायचं ते घोकत. ऋषभच्या वडिलांचं नाव दादासो. दारात शेवग्याचं झाड, ओट्यावर स्वतः बसलेले. मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाले, "या पावणं, उन्हातनं आलाय, आधी ताक घ्या." ताक घेऊन भांडायला येत नाही. तरी मी सुरुवात केली, की तुमच्या पोरानं माझ्या सुनेच्या ताटात माती कालवली.

पोरगा आतून आला. चष्मा, अंगात साधा बनियन. चिडला नाही. फोन काढून माझ्यापुढं धरला, त्यावर आमच्या चौकातला बोर्ड. म्हणाला, "काका, ह्यो फोटो मला चार ग्रुपवर आला. मी फुडं धाडला न्हाय. पण दिल्लीत पोचायला माझी कशाला गरज पडंल? खाली तुमचंच नाव हाय."

मी वाचलं. विशेष प्रयत्नांतून. एवढ्याशा पडद्यावर ती ओळ मला पहिल्यांदा दिसली, लाल अक्षरात. निघताना दादासोंनी पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या. मला त्या शेंगांचासुद्धा राग आला.

परत येताना चौकात थांबून बोर्ड काढायला लावला. सम्राट हसत होता. आता काढून काय फायदा, हे त्याला बोलायची गरज नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज अनुजा माझ्यासमोर बसली. दिल्लीची समिती कॉम्प्युटरवरून तिची सुनावणी घेणार आहे. बोर्ड ज्यानं लावला त्यानं समोर येऊन सांगायचं, की साहेबांचा यात काही संबंध नाही, लिहिलं ते खोटं होतं.

मी म्हणालो, मला जमणार नाही. साहेबांनी चारचौघांत मला फेटा बांधला. त्यांनीच माईकवर सांगितलं की शब्द टाकला. आता मी सांगायचं की माणूस खोटं बोलला? उद्या मला तालमीत कोण उभं करील? राजवीरच्या कारखान्याच्या लोनला कोण उभं राहिलं होतं? असं मी बराच वेळ बोललो.

ती म्हणाली, "बरं." उठून कुकर लावायला गेली. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळी अशी कधी गेली नव्हती. घरात सगळे गोड बोलतात आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. बायडाबाई, माझी बायको, लाटणं आपटत चकल्या करते आणि प्रत्येक आपटणं माझ्या नावचं असतं.

मला एक युक्ती सुचली. साहेबांनीच स्वतः सांगितलं, की मी काही केलं नाही, तर कुणाचाच अपमान नाही. फराळाचा डबा घेऊन बंगल्यावर गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बाळासो, असं कोन म्हनतंय का? निवडणूक तोंडावर आलीया. मी दिल्लीतच बोलतो की, थांबा." खिशातून फोन काढून कानाला लावला आणि सुरू झाले. हां हां, नमस्कार, आमच्या सूनबाईंचं बघा तेवढं, हो हो, माझाच शब्द समजा.

मी अगदी बाजूला बसलो होतो. फोनचा पडदा काळा होता. नंबर लावलाच नव्हता. आयुष्यभर तारांवर काम केलंय मी, लाइन चालू आहे की बंद हे बघितल्याशिवाय हात लावत नाही. या माणसाच्या लाइनीला मी इतकी वर्षं हात लावून बसलो होतो आणि तिच्यात करंटच नव्हता.

फोन खिशात ठेवून म्हणाले, झालं काम. मी डबा ठेवला आणि आलो. पाया पडलो नाही. मुद्दाम.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुनावणी झाली. अनुजाच्या खोलीत लॅपटॉप मांडला. पडद्यावर तिघं जण. इस्त्रीचा सदरा घालून बसलो, फेटा घातला नाही. त्यांचं हिंदी-इंग्रजी, माझं मराठी, मध्ये अनुजा. तिला म्हणालो, मी जे बोलेन ते जसंच्या तसं सांग, मऊ करू नको.

त्यांनी विचारलं, या नेत्यानं शिफारस केली होती का? मी म्हणालो, "त्यांनी काय बी केलेलं न्हाय. हिनं अभ्यास केला, हिची निवड झाली. बोर्डावर लिवलं ते खोटं. मीच लिवलं." मग असं का लिहिलंत, असं मधली बाई म्हणाली. मी म्हणालो, "आमच्यात लिवत्यात." अनुजानं तेही जसंच्या तसं सांगितलं. पडद्यावरचा एक जण हसला. हसायला काय झालं? तुमच्याकडं लिहीत नाहीत का?

बाई म्हणाल्या, सरकारी पैसा आहे, वशिल्याचा संशयसुद्धा यायला नको. मी म्हणालो, मग ज्यानं माईकवर वशिला सांगितला त्याला बोलवा की इथं. हे अनुजानं सांगितलं की नाही ते मला कळलं नाही.

तालमीत बातमी माझ्याआधी पोचली होती. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो तर बसायला कुणी सरकलं नाही. सरकू नका. मी उभा राहिलो आणि परत आलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल आला. उमेदवाराचा कोणताही दोष आढळला नाही. तथापि जाहीर चर्चेमुळे या तुकडीतील जागा प्रतीक्षा यादीस देण्यात येत आहे. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल.

दोष नाही आणि शिक्षा आहे. पुढच्या वर्षीच्या आत पावसाळा आहे, तो कुणाला विचारून येणार आहे का? आणि साहेब बंगल्यावर फराळ खात बसलेत, त्यांना एका शब्दानं कुणी विचारलं नाही. मी इतका ओरडलो की बायडाबाईनं गोळी आणून हातावर ठेवली. ओरडून संपल्यावर लक्षात आलं, मी दिल्लीचं नाव घेत होतो, साहेबांचं घेत होतो, एक नाव सोडून सगळ्यांची घेत होतो. घरात ते नाव सगळ्यांना माहीत होतं. माझंच.

अनुजाच्या दारापर्यंत गेलो. ती आत होती, दार लोटलेलं. तसाच परत आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

ऋषभ घरी आला होता. अनुजानंच बोलावलं. ऑगस्टमधलं सगळं तिनं त्याला समजावून दिलं. यंत्र हिरवं का दाखवत होतं, फोन कुणाला केले, वरून काय विचारणा आली. तिथं गेल्यावर कुठला प्रश्न विचारायचा, तो विचारल्याशिवाय परत यायचं नाही, असा दमच दिला त्याला. जेवायला बसवलं, वर दुसरी भाकरी वाढली.

तो गेल्यावर मी म्हणालो, हा वेडेपणा आहे, आपली जागा घेणाऱ्याला आपलंच शिकवायचं? ती म्हणाली, "त्या वस्तीला काय फरक पडतो आबा, तिथं कोण गेलं त्यानं? प्रश्न गेला म्हंजे झालं." म्हणाली खरी, पण ताटं उचलताना तिनं तोंड फिरवलं. मला दिसलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी दूध आणायला गेलो आणि चौकात पाय थांबले. त्याच खांबाला नवा बोर्ड. वर साहेब, तेच, मोठे. खाली ऋषभ, चष्म्यात. जिल्ह्याचे सुपुत्र, शासनाच्या खर्चाने, परदेशी प्रशिक्षण, आणि लाल अक्षरात तीच ओळ. सम्राटनं नुसता फोटो बदललाय.

सम्राट दुकानाच्या दारात होता. त्याला विचारलं, त्या पोराला विचारलंस का? म्हणाला, "आबा, त्येला कशाला इचारायचं? साह्यबांनी सांगितलंय, जिल्ह्यात जे काय चांगलं हुतंय ते आपल्याच प्रयत्नांतनं."

मी घरी येऊन बसलोय. एक फोटो काढायचा. समितीचा पत्ता अनुजाच्या टेबलावर आहे. पाठवला की ऋषभही घरी बसेल, सगळ्यांना न्याय सारखा. माझ्या सुनेला लावला तोच नियम त्याला लावा, एवढंच माझं म्हणणं, यात चूक काय? उद्या सकाळी उजेडात चांगला फोटो येईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही. दादासोंचं ताक आठवत राहिलं. आणि त्या शेंगा. ज्याच्या घरी मी भांडायला गेलो त्यानं मला उन्हातून आलाय म्हणून ताक दिलं. आता त्याच्या दारात दिल्लीचा निकाल येणार, दोष आढळला नाही, तथापि. तथापि या शब्दाचा मला इतका राग आलाय, की तो दुसऱ्या कुणाच्या घरात शिरू नये असं वाटलं. उजाडायच्या आधीच उठलो.

दोऱ्या कापायला कात्री शोधली, तर जागेवर नाही. या घरात एक वस्तू जागेवर सापडली तर शपथ. शेवटी नोकरीतली जुनी पक्कड घेतली आणि निघालो.

चौकात कुणी नव्हतं. बोर्ड हलत होता, वाऱ्यानं म्हणावं तर वारा नव्हता. जवळ गेलो तर खालच्या दोन दोऱ्या कुणीतरी आधीच कापलेल्या. म्हटलं, पोरांचा उद्योग असेल. खांबाला पाय लावला. गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत, पण खांब तोच आहे, खिळे कुठं आहेत ते पायाला पाठ आहे. वर जाऊन पकडीनं दोन्ही दोऱ्या तोडल्या. साहेब तोंडावर खाली पडले. बोर्डाची घडी घालून सम्राटच्या शटरला टेकवून ठेवली, वर पेननं माझं नाव लिहिलं. माझं नाव कळलं पाहिजे त्याला. न सांगता काही करायची माझी पद्धत नाही.

घरी आलो तर अनुजा स्वयंपाकघरात. चहा झालेला होता, मी येणार हे माहीत असल्यासारखा. कप माझ्यापुढं ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वरच्या दोन निघाल्या का आबा? माझा हात पोचंना."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या मागं ओट्यावर कात्री होती, पात्यांत निळ्या दोरीचे धागे अडकलेले. तिच्या बोटावर चिरलेलं होतं. अंधारात एकटी बाहेर गेली म्हणून तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि उठून हळदीचा डबा तिच्यापुढं ठेवला.